हुरड्याच्या वासासाठी सिद्धेश्वरला

फाटकावर पाटी होती : ‘हुरडा, मासे आणि वाईन. हिवाळी मुक्काम.’ पाटीवर द्राक्षाचा घड रंगवलेला आणि शेजारी ज्वारीचं कणीस, दोन्ही एकाच उंचीचे. मी गाडी स्टँडला लावली, हातमोजे काढले, घड्याळ पाहिलं. हिंगोलीतून निघून एक तास दहा मिनिटं झाली होती. रस्ता पाऊण तासाचा. वरची पंचवीस मिनिटं खड्ड्यांची आणि एका चहाची. सुमन मागून उतरली, स्कार्फ सोडला आणि सवयीनं दोनदा नाकानं हवा ओढून पाहिली. मी बघतोय हे तिला कळलं. तिनं मान हलवली. नाही.

सुमन माझी बायको. एकोणतीस वर्षांचा संसार. दोन हिवाळ्यांपूर्वी तिला ताप आला, नवव्या दिवशी उतरला आणि जाताना तिचा वास घेऊन गेला. जिभेला आंबट, गोड, खारट, कडू सगळं कळतं. नाकाला काही कळत नाही. दूध करपलं तर धूर दिसल्यावर समजतं. लेकीला मुलगी झाली, ती आता आठ महिन्यांची आहे. सुमन तिला उचलते, टाळूला नाक लावते, थोडा वेळ तशीच थांबते आणि परत देते.

डॉक्टर म्हणाले होते, रोज सकाळी चार वास द्या, सवयीनं कधी कधी परत येतो. मी चार बाटल्या केल्या. लवंग, लिंबाची साल, कापूर, ओवा. डायरीत रोज गुण लिहायचे, शून्य ते दहा. सहाशे अठरा सकाळी झाल्या. त्यात दोनदा ‘एक’ आहे, बाकी सगळी शून्यं. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं उलटली की फार आशा धरू नये. दोन वर्षं व्हायला आता सत्तावीस दिवस उरले होते.

ही जागा लेकीनं पुण्यात बसून फोनवरून ठरवली. मला कुठं जायचा उत्साह उरलेला नाही. शनिवारी दुपारी पाय वर करून पडावं, एवढीच माझी सहल. पण तिनं जागा कुठं आहे ते सांगितलं आणि मी हो म्हणालो. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याच्या अलीकडं, माझ्या मामाच्या शेतापासून दोन बांध सोडून. सुमनला कुठला एखादा वास परत ओढून आणणार असेल, तर तो इथल्या हुरड्याचा, असं मी मनाशी धरलं.

मामाचं शेत आता मामाचं नाही. कसं गेलं, कधी गेलं, ते राहू द्या. नाताळाच्या सुट्टीत आम्ही इथं चार दिवस यायचो. दर वर्षी चारच. एसटीतून फाट्यावर उतरलं की तिथून शेत एक हजार सहाशे पावलांवर होतं, माझ्या तेव्हाच्या पावलांनी. वाटेत तुरी उभ्या असायच्या, वाळत आलेल्या. त्यांच्यातून वारा गेला की शेंगा खुळखुळायच्या. मग करडईचं रान. त्याच्या काट्यांनी पोटऱ्यांवर पांढऱ्या रेघा उठायच्या. आणि शेताच्या अर्ध्या वाटेवर असतानाच तो वास यायचा. आधी शेणाच्या गोवरीचा धूर, त्याच्या पोटात काहीतरी गोड, कोवळं, भाजलेल्या दुधासारखं. तो आला की आम्ही पोरं पळत सुटायचो.

मामा पेरणीपासूनचे दिवस मोजायचा. मोजायची सवय मला त्याच्याकडून लागली असावी. कोणत्या पट्टीतलं कणीस आज दुधात आहे आणि कोणतं परवा येईल, हे त्याला पाठ असायचं. तरी तो एक दाणा नखानं फोडून बघायचाच. पांढरा थेंब आला तर कणीस तोडायचं. थेंब आला नाही, पीठ लागलं, तर ते कणीस गेलं. त्याची भाकरी होईल, हुरडा होणार नाही. ‘आठ दिस असतेत याचे,’ मामा म्हणायचा, ‘आठ दिस झाले की ज्वारी अन् माणूस दोनी कडक.’ मामी राखेतून कणीस ओढायची आणि गरम असतानाच तळव्यावर चोळायची. तिच्या हातांना भाजत कसं नाही, हे मला कधी समजलं नाही. फुंकर मारली की भुसा उडायचा आणि हिरवे दाणे राहायचे. सोबत जवसाची चटणी, गूळ, ओल्या हरभऱ्याचे घाटे. संध्याकाळी धरणाची मरळ. मामी ती मातीच्या गाडग्यात करायची आणि खोबरं निखाऱ्यावर भाजायची. त्या खोबऱ्याचा धूर तिच्या पदराला दोन दिवस असायचा.

ओढ्याकाठी शिंदीची झाडं होती, अकरा. थंडीत त्यांना मडकी लावलेली असायची. दिवस उगवायच्या आत काढलेली शिंदी गोड, गार, नारळाच्या पाण्यापेक्षा थोडी जड. आम्हाला एकेक पेला मिळायचा. ऊन वर आलं की ती आंबू लागायची आणि मग आम्हाला तिकडं फिरकायची बंदी. दुपारी मोठी माणसं कडुलिंबाखाली बसून प्यायची आणि लांबवर आंबलेल्या पिठाचा वास पसरायचा. त्या वासात मामा गाणी म्हणायचा. एरवी तो मोजून बोलणारा माणूस.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी सुमनला इथं आणलं होतं. ती आमच्याच जिल्ह्यातल्या पुसेगावची, शेतातच वाढलेली. हुरड्याचं तिला नवल नव्हतं. पण मामीच्या आगटीजवळ बसून तिनं दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, ‘आमच्याकडल्यापेक्षा गोड वास आहे.’ मामीनं त्या दिवसापासून तिला लेक मानलं. सुमनचं नाक तसंच होतं. मी मोंढ्यात, धान्य-हळदीच्या बाजारात, वजनकाट्यावर कारकून. तेहतीस वर्षं हळदीच्या धुळीत बसतोय, मला ती कधीच जाणवत नाही. मी घरी आलो की सुमन दारातच शर्टाचा वास घ्यायची आणि म्हणायची, ‘आज आवक लई दिसती. सातशे पोती?’ मी मनात दिवसाचा आकडा काढायचो. सहाशे ऐंशी, सातशे दहा. ती क्वचितच पन्नासच्या पुढं चुकायची. दोन वर्षांपासून मी घरी येतो, ती शर्ट घेते आणि बादलीत टाकते.

हुरड्याच्या या नव्या ठिकाणी चार खोल्या होत्या, पत्र्याच्या, पण नीटनेटक्या. मालक गजानन, तिशीतला, नाशिककडं द्राक्षाच्या बागेत सहा वर्षं काम करून गावी परतलेला. संध्याकाळी ऊन कलल्यावर त्यानं अंगणात खुर्च्या मांडल्या, तिकडून आणलेली लाल वाईन पेल्यांत ओतली आणि वर्ग घ्यायला आल्यासारखा आमच्यासमोर उभा राहिला.

“काकू, घाई न्हाई करायची. आधी पेला असा गोल फिरवायचा. मग नाक आत घालायचं. वाईन आधी नाकानं पेतेत, मग तोंडानं.”

त्याची आई कौसाबाई ओट्यावर चटणी कुटत होती. ती म्हणाली, “नाकानं पेतेत म्हणं! सहा वर्सं नाशकात ऱ्हाऊन हे शिकून आलं लेकरू.”

“आई, तू गप ना. पाव्हणे हायेत.”

“पाव्हणे हायेत तर मासे तळ. नाकात पाणी घालाया लावून राहिला लोकायला.”

मी गजाननला थांबवणार होतो. त्याला काय माहीत. पण सुमननं पेला उचलला, फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. कौसाबाईचा बत्ता थांबला. सुमन म्हणाली, “येतोय की. फळाचा. जांभळासारखा.”

“बराबर!” गजानन खूश झाला. “एकदम बराबर, काकू.”

मी हळू आवाजात विचारलं, “खरंच?”

“खरंच म्हंजी काय? येऊन राहिला म्हणते ना.”

मी दोन घोट घेतले. आंबट, तुरट, जीभ आखडणारे. त्यात शिंदीचा गोडवा नव्हता. पण तेव्हा मला काहीही गोड लागलं असतं. डायरीत लिहिलं : वाईन, तीन. तीनपुढं प्रश्नचिन्ह टाकलं, कारण परिस्थिती नेहमीची नव्हती. मासे खाताना सुमन नातीबद्दल बोलत होती. संक्रांतीला लेक येणार आहे, तेव्हा बाळाला तिळाच्या तेलानं मालिश करायचं, असं काहीबाही. मी मान डोलवत होतो आणि मनात सत्तावीस दिवस मोजत होतो. सत्तावीस दिवसांत तीनचे पाच झाले, तरी टाळूचा वास यायला पुरे.

सकाळी मोबाईलवर नऊ अंश दिसत होते. धरणाच्या पाण्यावर धुकं बसलेलं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. कौसाबाईनं आगटी पेटवली. जमिनीत हातभर खड्डा, त्यात गोवऱ्या. तिनं कणसांची टोपली आणून माझ्याजवळ ठेवली. मी सवयीनं मोजली, बत्तीस. पात्यांवर अजून दव होतं. सुमन पोत्यावर बसली, आगटीच्या पलीकडं. धूर नेमका तिच्याकडं वळला. तिचे डोळे पाण्यानं भरले, तिनं पदर लावला. गोवरी तडकली, ठिणग्या उडाल्या.

“अहो,” सुमन पदरातूनच म्हणाली, “आला! हुरड्याचा वास आला. मामींच्या आगटीवानी. गोड!”

मी उठून उभा राहिलो. घड्याळात सात चाळीस झाले होते. मग माझी नजर खाली गेली. टोपलीत बत्तीस कणसं होती. दव तसंच होतं. एकही कणीस विस्तवात गेलेलं नव्हतं.

कौसाबाईनं टोपलीकडं पाहिलं, मग सुमनकडं, मग माझ्याकडं. तिचं तोंड उघडलं होतं. मी मान हलवली, थोडीशी. त्या बाईला आमचं काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, “व्हय माय, येतो ना. आता तर अजून यील.” आणि तिनं पटकन चार कणसं उचलून राखेत खुपसली.

सुमननं पदर काढला, डोळे पुसले आणि माझ्याकडं बघून हसली. ती माझ्या डायरीची वाट बघत होती. मी डायरी काढली. तेहतीस वर्षं काट्यावर बसलो. पाव किलोचीसुद्धा खोटी नोंद या हातानं केलेली नाही. व्यापारी रागावले, हमाल रागावले, मी काटा दाखवेल तेच लिहिलं. त्या सकाळी मी तिच्यासमोर लिहिलं : सात चाळीस, हुरडा, दोन.

मग कणसं भाजली गेली. कौसाबाई चोळून दाणे ताटात टाकत होती, सुमन खात होती, मी खात होतो. मला वास येत होता, अगदी तोच, अर्ध्या वाटेवरून धावायला लावणारा. आणि मी डायरीची मागची पानं चाळत होतो. पहिला ‘एक’ कोणत्या दिवशी पडला? छातीत दुखून मला दवाखान्यात ठेवलं होतं, तिथून सोडलं त्याच्या दुसऱ्या सकाळी. लवंग, एक. दुसरा ‘एक’ नातीच्या बारशाच्या दिवशी, पाहुण्यांनी घर भरलेलं असताना. ओवा, एक. वाईनला जांभूळ म्हणाली, पण पेल्यातला रंगच जांभळा होता. हिशोब अवघड नव्हता. दोन वर्षांत सुमनला एकदाही वास आलेला नव्हता. माझी अवस्था बघून तिनं मला चार वेळा दिला होता, एवढंच.

आठ वाजून गेल्यावर ऊन पडलं. “मामांचं शेत दाखवा की,” सुमन म्हणाली. आम्ही दोन बांध ओलांडले. विहीर बुजलेली. कडुलिंब नाही. ओढ्याकाठी शिंदीचं एक झाड राहिलंय, त्याला मडकं नाही. सगळीकडं हरभरा, घोट्याएवढा, दवानं पांढरा झालेला. मी पायवाट शोधत होतो, ती सापडेना. सुमन बांधावर बसली. मीही बसलो. दोघांचेही गुडघे वाजले.

“लिहिलं ना सकाळचं?” तिनं विचारलं.

“लिहिलं.”

“किती?”

“दोन.”

ती हरभऱ्याकडं बघत म्हणाली, “टोपली मी मागाहून पाहिली. कौसाबाई कणसं खुपसत होती तवा. मी आधीच बोलून बसले. व्हय ना?”

“व्हय.”

“तुमाला ठाऊक होतं?”

“मोजली होती मी.”

“मग काहून लिहिलं?”

“तू काहून म्हणालीस?”

सुमननं लुगड्याला चिकटलेला काडीकचरा एकेक करून काढला. “तुमचं तोंड बघवत न्हाई म्हणून. सकाळ झाली की बाटली नाकाशी धरता अन् असे बघता, जशी मी परीक्षेला बसले. रोज नापास. सहाशे वेळा नापास केलं तुमी मला.”

“सहाशे अठरा,” मी म्हणालो. मला ते बोलायचं नव्हतं. सवयीनं आलं.

ती हसली. मग तिचं हसू गेलं. “मला माहीत हाये, तुमी माझ्यासाठीच करून राहिले. पण मी थकले हो. न येणारा वास शोधून शोधून थकले. पोरीच्या लेकराला नाक लावताना पण मला वाटतं, हे बघून राहिले असतील, किती म्हणून विचारतील.”

“मी पण थकलो,” मी म्हणालो. दोन वर्षांत हे पहिल्यांदा बोललो. बोलल्यावर खांद्यांना जाणवलं की ते किती वर ओढलेले होते.

पलीकडं गजाननकडं नवीन पाहुणे आले असावेत, बायकापोरांचा आवाज येत होता.

“आता विचारू नका,” सुमन म्हणाली.

“बरं.”

“त्यापरीस सांगत जा.”

“काय सांगू?”

“कसला वास येतो ते. तुमच्या नाकाला काय झालं? ते तर शाबूत हाये. का तेही मोंढ्यात काट्यावर ठिवून आलात?”

मी श्वास घेतला. “धुराचा येतोय.”

“धूर मलाबी दिसून राहिला. कसला?”

“गोवऱ्यांचा.”

“ओल्या का वाळल्या?”

मला असं कधी कुणी विचारलं नव्हतं. मी डोळे मिटून पुन्हा श्वास घेतला. “कडवट आहे. डोक्यात जातो. ओल्या असतील.”

“ओल्याच. दवात राहिल्या बाहेर. पुसेगावला माय वरडायची यासाठी, गोवऱ्या झाकल्या न्हाईत म्हणून.” तिनं वाकून हरभऱ्याचा शेंडा खुडला, बोटावर दव घेतलं आणि जिभेला लावलं. “आंबट. खारट. बराबर?”

मीही चाखलं. “बराबर.”

“जिभेचं काम झालं. आता नाकाचं तुमी करा.” तिनं शेंडा माझ्या हातात दिला.

मी तो चुरगाळला आणि नाकाशी धरला. “हिरवा,” मी म्हणालो.

“हिरवा रंग असतो हो. वास कसा?”

मी पुन्हा हुंगलं. इथं, याच शेतात, मी लहानपणी शेकडो वेळा हरभरा उपटून खाल्ला असेन. वास काही सांगता येईना. मी थांबलो, परत प्रयत्न केला. सुमन घाई करत नव्हती.

“दगडी पाटी ओल्या फडक्यानं पुसल्यावर येतो ना,” मी म्हणालो, “तसा. गार. अन् त्यात थोडी चिंच. नवी, या सालची.”

सुमननं डोळे मिटले. पदर नाकाशी नेला नाही, हवा ओढली नाही. नुसती बसून राहिली, कुणी काही वाचून दाखवत असताना बसावं तशी. तिच्या कपाळावरची आठी गेली.

“हां,” ती म्हणाली. “मग?”

मी वाकून दुसरा शेंडा खुडला.